सूज आधी की औषध आधी?

साध्या उंदराला आपणहून आमवात होत नाही. तो त्याला करावा लागतो. आजीच्या हाताची बोटं वाकडी करणाऱ्या, पस्तिशीतल्या बाईला पहाटे वेणी घालणंही जड करणाऱ्या या आजाराविषयी विज्ञानाला जे कळलं, त्यातलं पुष्कळसं अशा जनावराकडून कळलं, ज्याला तो आजार मुळात नव्हताच. यात काहीतरी गोम आहे असं वाचकाला वाटलं तर ते बरोबर आहे. ती गोम कळली की ‘उंदरांवरील प्रयोगांत सिद्ध’ ही जाहिरात वाचून माणूस सहजासहजी फसत नाही.

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला बाहेरचे लोक जातात ते जुनी मंदिरं, उंच मानस्तंभ आणि बारव बघायला. बारवेच्या पायऱ्या ही सांधेदुखी ओळखायची बरी जागा आहे. उतरताना गुडघा धरून थांबणारा आणि घटकाभर टेकला की पुन्हा चालू लागणारा माणूस बहुतेक वेळा झिजेचा रुग्ण असतो. वय, वजन आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेलं काम ही त्याची कारणं. आमवाताचा रुग्ण तिथे सापडेलच असं नाही. त्याची, खरं तर तिची, कारण बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन ते तीन पट दिसतो, कसोटी लागते ती सकाळी उठल्याउठल्या. मूठ वळत नाही. कणीक तिंबता येत नाही, बादलीची कडी धरवत नाही. तास-दीड तास गेला, हात गरम पाण्यात घातले, की जरा सैल पडतं. दोन्ही हातांची मुळाची आणि मधली पेरं सुजतात, मनगटं सुजतात, टोकाची पेरं सहसा सुटतात. झिजेत आराम केला की बरं वाटतं, आमवातात आराम केला की आखडतं. कापूस वेचणीच्या दिवसांत हा फरक घरच्यांनाही कळत नाही, कारण तेव्हा सगळ्यांचेच हात दुखत असतात.

असे रुग्ण किती? पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी नव्वदच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर फिरून सांधेदुखीची पाहणी केली. ग्रामीण भारतातल्या सांध्यांविषयी जे थोडं नेमकं माहीत आहे, त्याचा पाया ही पाहणी आहे. तिथे प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. ऐकायला थोडं वाटतं, पण हेच प्रमाण धरलं तर दहा हजार प्रौढांच्या गावात पन्नास जण होतात.

या पन्नासांपैकी एखादी बाई मोठ्या शहरातल्या तज्ज्ञापर्यंत पोहोचते तेव्हा आजार सुरू होऊन बरेचदा वर्ष उलटलेलं असतं. मधल्या काळात मालिश झालेली असते, वाताच्या पुड्या झालेल्या असतात, दुखण्याची इंजेक्शनं झालेली असतात. आजाराची सुरुवात कशी झाली, हे तोवर सांध्यातून पुसलं गेलेलं असतं. निरोगी सांध्याचं आतलं अस्तर एकदोन पेशींइतकं पातळ असतं. आमवातात ते फुगतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी गर्दी करतात आणि मग ते अस्तर हरळीसारखं पसरत कूर्चेवर चढतं, खालचं हाड खाऊ लागतं. पण हे सगळं नेमकं कुठल्या दिवशी, कुठल्या पेशीनं सुरू केलं? जिवंत माणसाच्या बोटातून दर आठवड्याला तुकडा काढून ते पाहता येत नाही. उंदराचा उपयोग इथे आहे. त्याचा पहिला दिवस आपल्याला माहीत असतो, कारण तो आपणच ठरवलेला असतो.

आता तो करायचा कसा? सर्वांत जुनी आणि आजही वापरात असलेली रीत उंदराची नव्हे, घुशीएवढ्या पांढऱ्या रॅटची आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन शास्त्रज्ञ ज्यूल्स फ्रॉइंड यांनी लशींचा जोर वाढवण्यासाठी एक मिश्रण तयार केलं होतं. खनिज तेलात क्षयाचे मारलेले जंतू घोटून बनवलेलं. १९५६ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी दाखवलं की हे मिश्रण रॅटला टोचलं की साधारण दहा ते चौदा दिवसांनी, जिथे टोचलंच नाही ते पायही सुजतात. हाच त्यातला महत्त्वाचा भाग. टोचलेली जागा सुजणं ही जखम आहे. दुसऱ्या बाजूचा पाय दोन आठवड्यांनी सुजणं म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्या सांध्यांवर उलटली आहे.

याहून सोपी रीत १९६२ पासून रूढ झाली. समुद्री शेवाळापासून मिळणारं कॅराजीनन, जे आइस्क्रीम घट्ट करायलाही वापरतात, त्याचं एक टक्क्याचं द्रावण रॅटच्या मागच्या पंजात थेंबभर टोचायचं. तीन-चार तासांत पंजा फुगतो. औषध द्यायचं, सूज किती कमी झाली ते मोजायचं, संध्याकाळी घरी जायचं. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत वनौषधींवर जे प्रबंध झाले, त्यात हा प्रयोग जागोजाग भेटतो. त्याचं उपकरण एकदा पाहण्यासारखं आहे. काचेच्या उभ्या नळीत पारा किंवा खास द्रावण भरलेलं असतं. रॅटच्या घोट्यावर शाईची रेघ ओढतात, त्या रेघेपर्यंत पंजा नळीत बुडवतात आणि द्रव किती वर चढला ते वाचतात. आर्किमिडीजनं टबात केलं तेच. सगळी मदार मात्र त्या रेघेवर. रेघ केसभर खालीवर झाली किंवा रॅटनं पाय ओढून घेतला, की औषधाचा ‘गुण’ वाढतो नाहीतर घटतो. म्हणून पंजा बुडवणाऱ्याला कुठल्या रॅटला औषध दिलंय हे माहीत असता कामा नये. हा साधा नियम किती प्रबंधांत पाळला जातो, याबद्दल मला शंका आहे.

कॅराजीननची सूज म्हणजे आमवात नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवं. ती काही तासांची साधी सूज आहे. त्यावरून ‘संधिवातावर रामबाण’ म्हणणं म्हणजे शिंक थांबली म्हणून दमा बरा झाला म्हणण्यासारखं आहे.

आमवाताच्या जास्त जवळ जाणारं मॉडेल १९७७ मध्ये सापडलं. डेव्हिड ट्रेंटहॅम, टाउन्स आणि कांग या अमेरिकन संशोधकांनी रॅटना कूर्चेतलं प्रथिन, दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन, टोचलं आणि काहींचे सांधे सुजले. त्वचेतलं पहिल्या प्रकारचं कोलॅजन टोचून तसं झालं नाही. १९८० मध्ये हेच उंदरांत जमलं आणि तेव्हापासून डीबीए-१ या जातीचा करडा-तपकिरी उंदीर संधिवाताच्या प्रयोगशाळांचा जुना रहिवासी झाला. कोंबडीचं किंवा बैलाचं कोलॅजन फ्रॉइंडच्या मिश्रणात घोटून शेपटीच्या मुळाशी टोचतात, एकविसाव्या दिवशी दुसरा डोस देतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बोटं लाल होऊ लागतात. प्रत्येक पंजाला शून्य ते चार गुण, चार पंजांचे जास्तीत जास्त सोळा. सांध्याचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर फुगलेलं अस्तर, झिजलेली कूर्चा, खाल्लेलं हाड, सगळं माणसासारखं दिसतं.

दिसतं, पण आहे का? या प्रयोगांत बहुधा नर उंदीर वापरतात, कारण त्यांच्यात आजार जास्त खात्रीनं होतो. माणसात मात्र तो बायकांना जास्त. उंदीर आठ-दहा आठवड्यांचा, म्हणजे नुकता वयात आलेला, रुग्ण चाळिशीची. उंदराची सूज काही आठवड्यांत चढून ओसरू लागते. माणसाची वर्षानुवर्षं राहते. तरीही हे मॉडेल टाकून दिलेलं नाही. का टाकलं नाही, ते पुण्यातल्या एका कामातून चांगलं समजतं.

पुण्यात गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. मोहन वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाड खाणाऱ्या पेशींवर बरीच वर्षं काम केलं. या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. एरवी त्या उपयोगी असतात, कारण जुनं हाड विरघळवलं तरच नवं बसतं. आमवातात त्या संख्येनं वाढतात आणि एक्स-रेवर बोटांच्या हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. २००३ मध्ये या गटानं दाखवलं की इंटरल्यूकिन-३ हा, प्रतिकारशक्तीच्या पेशींनी सोडलेला संदेशवाहक पदार्थ, ऑस्टिओक्लास्ट घडण्याचीच वाट अडवतो. २००९ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: उंदरांत सांध्यांची दाहक सूज आणि हाडाची झीज इंटरल्यूकिन-३ नं रोखता येते. २०१० मध्ये माणसाच्या पेशींवर काचेच्या बशीत तेच तपासलं. २०११ मध्ये कोलॅजनच्या मॉडेलमध्ये दिसलं की हा पदार्थ प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशींची संख्याही वाढवतो. हे काम आपल्या मातीतलं म्हणून मी कौतुक करतो असं नाही. बशी, उंदीर, पुन्हा माणसाची पेशी, पुन्हा उंदीर, असा एकाच प्रश्नाचा चिकाटीनं केलेला पाठलाग त्यात आहे म्हणून करतो.

आता घोडं कुठे पेंड खातं पाहा. त्याच २००९ साली जर्मनीतल्या एका गटानं त्याच कोलॅजनच्या मॉडेलवर नेमका उलटा निष्कर्ष छापला. त्यांनी इंटरल्यूकिन-३ ला अडवणारी प्रतिपिंडं उंदरांना दिली, आणि आजार कमी झाला. म्हणजे पुण्यात जे औषध ठरत होतं, तेच तिकडे आजाराचं कारण ठरलं. कोणी खोटं बोललं का? तसं समजायचं कारण नाही. जर्मन गटाचा परिणाम प्रामुख्यानं आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला होता. शरीरात स्वाभाविकपणे तयार होणारा पदार्थ अडवणं आणि तोच पदार्थ बाहेरून टोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिकारशक्तीचे बहुतेक संदेशवाहक असेच दुतोंडी असतात. सुरुवातीला जो आग लावतो तो पुढे विझवूही शकतो. इंटरल्यूकिन-३ आज आमवातावरचं औषध म्हणून बाजारात नाही, आणि या दोन निबंधांकडे शेजारी ठेवून पाहिलं तर ते का नाही हे समजतं.

उंदरावरच्या कुठल्याही बातमीला पहिला प्रश्न विचारायचा तो यातून निघतो. औषध कधी दिलं? सूज येण्याआधी की आल्यानंतर? आधी दिलेल्या औषधानं सूज आली नाही, तर ते टोचलेल्या कोलॅजनविरुद्धची प्रतिक्रियाच दाबणारं औषध असू शकतं. जिंतूरहून एसटीनं आलेल्या, बोटं आधीच सुजलेल्या बाईला त्याचा काय उपयोग?

या प्रश्नावर खरं उतरलेलं उदाहरणही आहे, आणि ते या क्षेत्रातलं सर्वांत मोठं यश आहे. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटानं आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी बशीत वाढवल्या. १९८९ मध्ये त्यांना दिसलं की टीएनएफ नावाचा एकच संदेशवाहक अडवला तर बाकीच्या दाहक पदार्थांची साखळी मंदावते. १९९१ मध्ये अथेन्समध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटानं माणसाचं टीएनएफचं जनुक उंदरात घातलं. या उंदरांना काही टोचावं लागलं नाही. जन्मानंतर काही आठवड्यांतच त्यांचे सांधे आपसूक सुजले, आणि टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिल्यावर तो आजार रोखला गेला. १९९२ मध्ये लंडनच्या गटानं कोलॅजनच्या उंदरांना टीएनएफविरोधी प्रतिपिंडं दिली आणि ती सूज आल्यानंतरही दिली. तरी सूज उतरली, हाडं वाचली. त्याच वर्षी पहिल्या रुग्णांना हे औषध दिलं गेलं. १९९८-९९ मध्ये इटानरसेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅब या औषधांना अमेरिकेत आमवातासाठी परवानगी मिळाली. २०१४ च्या डिसेंबरात याच वर्गातल्या अडॅलिमुमॅब या औषधाची जगातली पहिली जैवसदृश आवृत्ती अहमदाबादच्या झायडसनं भारतात आणली. किंमत तेव्हा मूळ औषधाच्या तुलनेत बरीच खाली आली. शेतमजुराच्या घराला मात्र ती आजही पेलत नाही.

यश का मिळालं हे नीट पाहिलं पाहिजे. पुरावा एका उंदराचा नव्हता. रुग्णाच्या पेशी, जनुक बदललेला उंदीर, कोलॅजनचा उंदीर, आणि मग रुग्ण. तीन वेगळ्या वाटांनी एकाच दाराशी आले, म्हणून दार उघडलं.

जिथे असं झालं नाही तिथे फजिती झाली. ट्रेंटहॅम, तेच कोलॅजनवाले, यांच्या मॉडेलवर काही जणांनी दाखवलं होतं की कोलॅजन आधी तोंडानं खाऊ घातलं तर पुढे टोचल्यावर सांधे सुजत नाहीत. शरीर त्याला अन्न समजून सोडून देतं. १९९३ मध्ये ट्रेंटहॅम यांनीच साठ रुग्णांना कोंबडीचं कोलॅजन पाजून पाहिलं आणि आशादायक निकाल छापले. पुढच्या मोठ्या चाचण्यांत तो फायदा टिकला नाही. उंदराला कोलॅजन आजाराआधी मिळालं होतं, रुग्णाला आजारानंतर. सांध्यांसाठी म्हणून आज महागड्या डब्यांतून विकल्या जाणाऱ्या कोलॅजन पावडरी पाहिल्या की मला हा जुना प्रयोग आठवतो.

याहून गंभीर घटना मार्च २००६ मधली. टीजीएन-१४१२ नावाचं प्रतिपिंड आमवात आणि एका रक्ताच्या कर्करोगावर वापरायचं होतं. त्याच्या जातीच्या प्रतिपिंडानं रॅटमधला संधिवात सुधारला होता, माकडांना ते निर्धोक ठरलं होतं. लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना माकडांच्या निर्धोक मात्रेचा पाचशेवा भाग दिला गेला. काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले. जीव वाचले, पण एकाची बोटं गेली. कारण पुढे सापडलं. हे प्रतिपिंड ज्या खुंटीला धरतं, ती खुंटी माणसाच्या अनुभवी टी-पेशींवर असते आणि प्रयोगातल्या माकडांच्या त्याच पेशींवरून ती गळून गेलेली असते. म्हणजे माकडानं चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. त्याला विचारलेला प्रश्न त्याच्या शरीरात नव्हताच.

मराठवाड्याला सांध्यांच्या दाहाची सर्वांत मोठी आठवण आमवाताची नाही, चिकुनगुन्याची आहे. १९७३ मध्ये आपल्या सीमेलगतच्या बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. मग तो विस्मरणात गेला. पुणे जिल्ह्यातल्या यवतला २००० साली डासांत त्याचा विषाणू सापडला होता, आणि तो बार्शीच्या विषाणूच्या घराण्यातला नव्हता, आफ्रिकेतल्या घराण्यातला होता. २००५-०६ मध्ये याच घराण्यातल्या विषाणूची साथ देशभर पसरली. २००६ मध्ये सरकारी मोजणीनुसार देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण होते. ताप तीन-चार दिवसांत जायचा, सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहायचे. पन्नाशी-साठीतली धडधाकट माणसं भिंत धरून चालत होती. त्यांतल्या काहींचं दुखणं हुबेहूब आमवातासारखं दिसायचं.

या साथीनंतर चिकुनगुन्याचं उंदीर-मॉडेल घडलं. प्रौढ उंदराच्या मागच्या पायात विषाणू टोचला की आठवड्याभरात पाय सुजतो. त्यातून कळलं की सूज घडवण्यात मॅक्रोफेज या भक्षक पेशींचा मोठा हात आहे. त्या काढून टाकल्या तर सूज घटते, पण रक्तातला विषाणू जास्त दिवस टिकतो. हे उत्तर मोलाचं आहे. सूज दाबायच्या घाईत साथीच्या पहिल्या आठवड्यात स्टेरॉइड देऊ नये, या डॉक्टरांच्या सावधपणाशी ते जुळतं. पण उंदराचा पाय थोड्याच आठवड्यांत बरा होतो आणि आपल्याकडच्या काही रुग्णांचं दुखणं दोन-दोन वर्षं रेंगाळलं. का रेंगाळलं, हे त्या उंदराला विचारता येत नाही. माकडांत मात्र विषाणू बराच काळ याच भक्षक पेशींत दडून राहतो असं २०१० मध्ये दिसलं.

बिब्ब्याचीही गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मराठवाड्याच्या डोंगराळ भागात वातावर बिब्बा हा घरगुती सल्ला आहे. मद्रास विद्यापीठात बिब्ब्याचा दुधात काढलेला अर्क फ्रॉइंडच्या मिश्रणानं सांधे सुजवलेल्या रॅटना दिला गेला. चौदाव्या दिवसापासून, म्हणजे सूज आल्यावर. किलोमागे १५० मिलिग्रॅम. सूज आणि दाहाची रासायनिक चिन्हं उतरली. औषध सुजेआधी की नंतर, या कसोटीला हा प्रयोग उतरतो, हे मान्य करायला हवं. पण रॅटची मात्रा जशीच्या तशी माणसाला लावायची नसते. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं ती सुमारे सहानं भागावी लागते. शिवाय तो शोधन केलेला, दुधात काढलेला अर्क होता. आयुर्वेदात बिब्बा विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध करतात ते उगाच नाही. झाडाखालचा कच्चा बिब्बा अंगाला लावला तर उततो, पोटात गेला तर चांगल्या कामात बिब्बा घातला जातो, आणि तो अक्षरशः.

याला उलटी वाटही आहे. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’चा आग्रह धरला. जे औषध शतकानुशतकं माणसं घेत आली आहेत, त्याचा अनुभव आधी रुग्णांत नीट नोंदवायचा आणि ते कसं काम करतं हे शोधायला नंतर प्रयोगशाळेत जायचं. सुंठ, गुळवेल, शल्लकी आणि आवळा यांचे कल्प डॉ. चोप्रांच्या गटानं गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांत आधुनिक औषधांच्या तुलनेत तपासले, ते याच विचारानं. आणि आमवातावरचं आजचं सर्वांत स्वस्त, मुख्य औषध मेथोट्रेक्सेट हेही उंदरानं दिलेलं नाही. १९५१ मध्ये रिचर्ड गबनर यांनी त्याच्या भाऊबंद औषधाचा, अमिनोप्टेरिनचा, परिणाम थेट आमवाताच्या रुग्णांत पाहिला होता. कर्करोगाच्या औषधाची छोटी मात्रा सांध्यांना चालते, हे वैद्यांनी माणसांतच शिकून घेतलं.

काही वेळा तर शास्त्रज्ञ स्वतःच जनावर झाले. १९६२ मध्ये डॅनिएल मॅकार्टी आणि जेम्स फेअर्स यांनी युरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक कुत्र्यांच्या आणि स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांत गुडघे टम्म. गाउट स्फटिकांमुळे होतो, हा वाद त्यानंतर फारसा उरला नाही.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या दवाखान्यात येणारं लंगडणारं वासरू हे कुणी बनवलेलं मॉडेल नसतं, त्याला खरोखरच आजार असतो. जन्मल्यावर नाळ पिकली की जंतू रक्तातून सांध्यात जातात आणि वासराचे गुडघे भोपळ्यासारखे होतात. नाळ आयोडीनमध्ये बुडवणं आणि पहिल्या काही तासांत चीक पोटभर पाजणं, एवढ्यानं हे बरंचसं टळतं.

लंगड्या जनावराच्या दुखण्यावरच्या औषधानं गिधाडं मारली, आणि प्राणी-प्रयोगांच्या मर्यादेचा याहून कडवट पुरावा मला माहीत नाही. डायक्लोफिनॅक हे सत्तरच्या दशकात आलेलं सूज उतरवणारं औषध. रॅटच्या पंजावर ते उत्तम ठरलं, माणसांत ठरलं, मग गाईबैलांना सर्रास टोचलं जाऊ लागलं. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड बंद पडायचे. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून हे उघड झालं तोवर उपखंडातली गिधाडं जवळजवळ संपली होती. भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या कुप्याही बंद केल्या, कारण त्या गोठ्यात जात होत्या. मेलॉक्सिकॅम हा पर्याय गिधाडांना चालतो हे मात्र गिधाडांवरच तपासून ठरवावं लागलं. ते आफ्रिकेतल्या, तेव्हा तितक्या दुर्मीळ नसलेल्या गिधाडांवर तपासलं.

मग उंदरांचं काय? सांधे सुजवलेल्या उंदराला वेदना होतात, यात आडपडदा ठेवायचं कारण नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी सांगून ठेवलं: पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापरायचे तर कमीत कमी वापरा, आणि त्यांचा त्रास कमी करा. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम आहेत. प्रत्येक संस्थेच्या नैतिकता समितीत पशुवैद्य लागतो आणि विज्ञानाशी संबंध नसलेली, समाजभान असलेली एक व्यक्तीही लागते. चांगल्या प्रयोगशाळेत पाय सुजलेल्या उंदराला मागच्या पायांवर उभं राहावं लागू नये म्हणून पाण्याच्या बाटलीची नळी लांब ठेवतात, खाणं पिंजऱ्याच्या तळाशी टाकतात, अंथरूण मऊ ठेवतात. सूज ठरलेल्या गुणांपलीकडे गेली तर प्रयोग त्या उंदरापुरता थांबवतात. २०२३ मध्ये भारताच्या नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरच्या चाचण्या आणि संगणकीय पद्धतींनाही जागा मिळाली. माझं मत असं की निव्वळ कॅराजीननच्या सुजेवर होणारे प्रबंध आता थांबवावेत. त्यांतून नवं कळणं केव्हाच संपलंय आणि रॅटचे पाय मात्र सुजतात.

वाचकाला सांगायचं ते एवढंच. दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल आणि हे सहा आठवड्यांपलीकडे चाललं असेल, तर पुडीवाल्याकडे न जाता परभणीच्या सरकारी रुग्णालयात रक्त तपासून घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची प्रकरणं नवी नाहीत. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिली तर ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत, म्हणून तो वार पाकिटावरच मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.